मिस्सेत काय वाजवावं: हलगी, पेटी की कीबोर्ड?

पेटीवाला_वैजापूर:
मंडळी, जय ख्रिस्त. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही राम राम, कारण गाण्याबजावण्यातलं तुम्हालाही कळतं.

वैजापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातल्या चर्चचा सण तोंडावर आलाय. मी पेटी वाजवतो. सणाच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, गाणी बसवायला बैठक घेतली, तर तीन पार्ट्या पडल्या. म्हाताऱ्या मंडळींना भजन पाहिजे: पेटी, तबला, टाळ, झालंच तर खंजिरी. पोरांना कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि यूट्यूबवरची स्तुती-आराधनेची गाणी पाहिजेत. नवे फादर केरळचे आहेत, माणूस मनमिळाऊ. ते म्हणाले, "तुमच्या मातीतलं काहीतरी करा ना. हलगी आणा, संबळ आणा, प्रवेशगीत त्याच्यावर करू." त्यावर मागच्या बाकावरचे तीन आजोबा उठून बाहेरच गेले. का गेले ते फादरांना कळलं नाही, आणि त्यांना समजावून सांगायला कोणी तोंड उघडलं नाही.

मला कोणतं गाणं कोणाला आवडतं हे विचारायचं नाही. त्याला अंत नाही. प्रश्न असा, की कॅथलिक श्रद्धेला काही संगीतप्रकार मुळातच जास्त शोभतात का? की सगळा सवयीचा मामला आहे?

लॅटिनप्रेमी:
सवयीचा मामला नाही. चर्चने याचं उत्तर लिहून ठेवलंय, फक्त वाचतं कोण.

पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ला, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीतावर फर्मान काढलं. त्यात तीन कसोट्या आहेत: संगीत पवित्र असावं, कला म्हणून अस्सल असावं आणि कुठल्याही देशातल्या माणसाला ते ऐकून खटकू नये. ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचं जुनं लॅटिन गायन, पहिल्या पंगतीला, त्याच्या खालोखाल सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराच्या धर्तीची, अनेक आवाजांची बहुस्वरी रचना. आधुनिक संगीत चालेल, पण नाटकी नको. त्या काळी इटलीतल्या चर्चमध्ये ऑपेराच्या थाटाची गाणी घुसली होती, तो राग त्यामागे आहे. पियानो बंद, ढोल-झांजा बंद.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ला उपासनेवरचा दस्तऐवज दिला. त्यातही ग्रेगोरियन गायनाला मानाचं पान आहेच, पण इतर प्रकारांना दार बंद नाही. मिशन प्रदेशांतल्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा असते, तिला योग्य मान द्या, असंही स्पष्ट म्हटलंय. म्हणजे उतरंड आहे, हाकलून देणं नाही.

गिटार_गंगापूर:
दादा, त्याच १९०३च्या फर्मानात बायकांना चर्चच्या गायकवृंदात घेऊ नये असंही आहे. ते का नाही लिहिलं? आमच्या क्वायरमधून ताया वजा केल्या तर मी आणि एक घसा बसलेला पोरगा उरतो.

आणि ऑर्गन! आज ऑर्गन म्हटलं की चर्च डोळ्यांपुढं येतं. पण रोमन काळात पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन आखाड्यात वाजायचा, ग्लॅडिएटर एकमेकांना भोसकत असताना. तसली मोझेक चित्रं सापडलीत. मग तोच ऑर्गन पुढं वेदीजवळ कसा आला? पंधराव्या-सोळाव्या शतकात 'ल'ऑम आर्मे' नावाचं हत्यारबंद माणसावरचं लौकिक गाणं घेऊन त्याच्या चालीवर चाळीसहून जास्त मिस्सा रचल्या गेल्या. त्यातल्या दोन तुमच्या पॅलेस्ट्रिनाच्या आहेत.

आजचं बाजारातलं उद्या पवित्र होतं. मग आमच्या ऑक्टोपॅडनं काय घोडं मारलंय?

भाकरी_ठेचा:
ऑक्टोपॅडनं घोडं नाही, कान मारलेत भाऊ. हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला जाताना आमच्या गाडीमागं एक डीजे लागला होता. नवसाला निघालोय का हळदीला, तेच कळंना. 😄

लॅटिनप्रेमी:
बायकांचा नियम गेला आणि चांगलं झालं. पण एक कलम बदललं म्हणून कसोट्या रद्द होत नाहीत.

'ल'ऑम आर्मे'चं उदाहरण बरोबर आहे, पण त्या मिस्सांमध्ये ती चाल इतकी संथ ताणून मधल्या आवाजात लपवलेली असायची, की ऐकणाऱ्याला बाजार आठवायचा नाही. तरीही पुढं बिशपांच्याच ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये चर्चमधल्या संगीतात काही कामुक किंवा अशुद्ध मिसळू नका असा दम भरलाच. त्या काळात दुसरीही तक्रार होती, की पाच-सहा आवाजांच्या गुंत्यात शब्दच ऐकू येत नाहीत. मिस्सेत शब्द हा यजमान, संगीत त्याच्या घरी राबायला आलेलं. एवढं धरलं की निम्मी भांडणं मिटतात.

गिटार_गंगापूर:
मग ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनला जागतिक युवा दिनाला पोर्तुगालच्या एका फादरनीच टेक्नो वाजवलं, तेही पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेच्या सकाळी. इटलीत कापुचिन संन्यासी संघाचे एक ब्रदर दाढी आणि झगा सांभाळून हेवी मेटल बँडमध्ये गायचे. त्यांची श्रद्धा कमी पडली का?

जालन्याची_लेक:
लिस्बनला ते मिस्सेच्या आधी वाजलं, रात्रभर मैदानात झोपलेल्या पोरांना उठवायला. मिस्सेत नाही. तुझ्या मुद्द्याचं उत्तर तुझ्याच उदाहरणात आहे.

श्रद्धावान माणूस काय वाजवतो हा एक प्रश्न आणि वेदीसमोर काय वाजावं हा दुसरा. मेटल वाजवणाऱ्या ब्रदरच्या श्रद्धेवर मी कोण शंका घेणार? पण मिस्सेत 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत म्हणताना मला ते नको.

गोदाकाठ:
पेटीवाल्या भावा, ते आजोबा का उठले ते मी सांगतो. पैठणकडचा आहे, शाळामास्तर होतो, आमचं घराणं मातंग.

हलगी काय असती ते लग्नाच्या वरातीत बघून कळत नाही. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकावी लागते, कातडं ताणून खणखणीत बोलायला लागेपर्यंत. उजव्या हातात जाड काडी, डाव्यात लांब बारीक. माझ्या आज्याला ती फार सुंदर वाजवता यायची. आणि ती वाजवायची ती गावाच्या हुकुमानं. देवाच्या पालखीपुढं वाजवायची, पण देवळाच्या पायरीला शिवायचं नाही. कुणाच्या दारात मयत झाली, लग्न झालं, बोलावणं आलं की जायचं, आणि मिळंल ते शिळंपाकं घेऊन यायचं. बलुत्याचा हिशेब होता तो, कला म्हणून कोणी बोलवत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला परदेशी फादर आपल्या भागात आले. त्यांच्यामागं जे लोक गेले, त्यातल्या कित्येकांनी पहिलं काम काय केलं असंल, तर हलगी खुंटीला टांगली. परत उतरवली नाही. आमच्या घरात तिला हात लावायची बंदीच होती.

आता बाहेरून आलेल्या फादरांना ती 'मातीतली संस्कृती' वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ज्या चर्चमध्ये माझा आज्या पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीनं सतरंजीवर बसला, तिथं पुन्हा त्याच्या नातवाच्या गळ्यात हलगी अडकवायची, आणि वरून म्हणायचं ही तुमची परंपरा?

चर्चच्या संगीतावरच्या १९६७च्या रोमच्या सूचनेत एक कलम आहे, ६३वं. वाद्यं निवडताना त्या त्या लोकांची संस्कृती बघा. पण जी वाद्यं लोकांच्या मते आणि वापराने फक्त लौकिक कामाचीच आहेत, ती उपासनेत आणू नका. लोकांच्या मते, असं म्हटलंय. कुठल्या लोकांच्या? म्हणून म्हणतो, हलगीचं ठरवायचं तर मागच्या बाकाला विचारा.

पेटीवाला_वैजापूर:
सर, हे मला अर्धं माहीत होतं, असं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. फादरांना वाचून दाखवू का?

गोदाकाठ:
दाखवा. माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं.

मोंढा_नाका:
सर, मान देऊन विरोध करतो. मी पण त्याच समाजाचा, संभाजीनगरात राहतो. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला आमच्या चौकात हलगी वाजते ना, तेव्हा कोणाची मान खाली जात नाही. पोरं स्वतःच्या पैशानं हलग्या घेतात, शिकतात, स्पर्धा करतात. आज्यांनी टांगली ती बरोबर केली. आम्ही उतरवली तीही आमच्या मर्जीनं. लॅटिनप्रेमींनी वर परिषदेचा १९६३चा दस्तऐवज सांगितला, त्यात असंही आहे, की वाद्य पवित्र कामाला योग्य असावं किंवा तसं करून घेता यावं. करून घेता यावं, सर. काँगोत तर ढोल आणि नाचासकट मिस्सेचा विधी रोमने १९८८ मध्ये मंजूर केलाय.

गोदाकाठ:
बाळा, जयंती तुमची, चौक तुमचा, वाजवायचं का नाही ते तुम्ही ठरवता. म्हणून मान ताठ राहते. उद्या तुम्हीच चार पोरांनी येऊन म्हटलं, आम्हाला वेदीपर्यंत हलगी न्यायची, तर मी विचार करीन. वरून फर्माईश आली की मला जुना गाव दिसतो. फरक हलगीत नाही.

मोंढा_नाका:
हे मान्य. पण मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हलगी मिस्सेला शोभत नाही असं नाही. कोण म्हणतंय त्यावर आहे.

भाकरी_ठेचा:
संबळाचं कोणी बोलंना. आमच्या घरात आजही लग्नात गोंधळाचा विषय निघाला की आई फादरांकडं बघती आणि आजी तुळजापूरकडं. संबळ कानावर पडलं की आई भवानीच डोळ्यापुढं येती, खोटं कशाला बोलू. वाद्य चांगलंय, पण ते आधीच दुसऱ्या घरी नांदायलंय. मधून उठवून कामून आणायचं?

वसईचा_पाहुणा:
मराठवाड्याच्या वादात वसईने नाक खुपसू नये, पण राहवत नाही.

मराठी कॅथलिक गाण्याची सुरुवात भजनाने नाही, ओवीने होते. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६ मध्ये छापलं. दहा हजारांहून जास्त ओव्या. त्याला हिब्रू बायबलापासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा सांगायची होती, आणि त्यासाठी त्याने युरोपातला छंद आणला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या लोकांना ज्या छंदात देव ऐकायची सवय होती तोच उचलला. तुमचे एकनाथ जाऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षं झाली होती.

भजन-कीर्तन ख्रिस्ती मराठीत रुजवलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, आणि ते प्रोटेस्टंट. आमच्याकडं त्यांची भजनं घसा फोडून म्हणतात आणि अशा वेळी पंथ कोणी विचारत नाही. रोमने १९६९ मध्ये भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी दिली: आरती, तेलाचा दिवा, जमिनीवर बसणं, हात जोडून नमन वगैरे. मुंबईत एस.व्ही.डी. या मिशनरी संघाचे जर्मन फादर जॉर्ज प्रोक्श यांनी रागदारीच्या अंगाने हिंदी भजनं रचली. म्हणजे देशी संगीत ही फादरांची नवी टूम नाही.

लॅटिनप्रेमी:
ओवीचा मुद्दा लाखमोलाचा. पण ख्रिस्तपुराण मिस्सेसाठी नव्हतं, ते मिस्सेबाहेर वाचायला-गायला होतं. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्येच.

जालन्याची_लेक:
मला ओवीवर जरा थांबायचंय, कारण माझ्या मते मूळ प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

मी क्वायरमध्ये गाते, थोडं शास्त्रीय शिकलेय. ग्रेगोरियन स्तोत्रगायन पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा मला अवघड असं काही वाटलंच नाही. एकच सूर-ओळ, हार्मनी नाही. साथीला वाद्य लागत नाही. ठेका नाही, शब्दाची लांबी हीच लय. स्तोत्राची ओळ एका स्वरावर सरळ म्हणत न्यायची, मध्यावर छोटी मुरकी घेऊन टेकायचं, दुसरा अर्धा पुन्हा त्याच स्वरावर आणि शेवटाला उतरायचं. ओळ लांब असली तर त्या स्वरावर जास्त शब्द बसतात, चाल मोडत नाही.

आता ओवी बघा. पहिले तीन चरण यमकाने जोडलेले, चौथा आखूड, तिथं सूर खाली येतो. चरणात अक्षरं कमीजास्त झाली तरी गाणारी सामावून घेते. जात्यावर बसलेल्या बाईला तबलजी लागत नव्हता. अभंगाला टाळ लागतो, आरतीला झांजा लागतात, ओवीला शब्द पुरतो. पोप पायस यांचा सर्वसाधारण नियम होता, रचना चालीत आणि भावात ग्रेगोरियनच्या जितकी जवळ तितकी ती चर्चला जास्त शोभते. २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो नियम पुन्हा सांगितला, आणि जुन्याची नक्कल करा असा त्याचा अर्थ नाही हेही सांगितलं. मग मराठवाड्यात त्या कसोटीला सगळ्यात जवळ काय उतरतं? कीबोर्डवरचं 'हालेलुया' नाही, आणि खरं सांगायचं तर तालावर डुलवणारं भजनही नाही. ओवी.

म्हणून माझं उत्तर, हो. काही प्रकार मिस्सेला जास्त शोभतात. जे शब्दाला पुढं करतात आणि गाणाऱ्याला मागं ठेवतात ते.

(जाता जाता: पेटीला 'आपली' म्हणणाऱ्यांनी पॅरिसच्या दबेन यांचं हार्मोनियमचं १८४२चं पेटंट आठवावं. आणि १९४०पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने याच पेटीला हद्दपार केलं होतं, भारतीय संगीताला शोभत नाही म्हणून!)

पेटीवाला_वैजापूर:
माझ्या पोटावर पाय आणलात की ताई. 😀

गिटार_गंगापूर:
ताईंचं पटतंय, पण एक अडचण. माझ्या वयाची पोरं ओवी ऐकायला बसत नाहीत. आमच्यातली काही रविवारी पलीकडच्या प्रार्थना हॉलमध्ये जातात. तिथं ड्रमसेट आहे, हात वर करून रडता येतं. पास्टरांचं प्रवचन त्यांना पटतं म्हणून नाही जात, गाण्यासाठी जातात. आपण त्यांना सांगणार का, की १९०३ साली पोप असं म्हणाले?

लॅटिनप्रेमी:
गाण्यासाठी गेलेला उद्या त्याहून चांगल्या गाण्यासाठी तिसरीकडं जाईल. संत ऑगस्टिन 'कबुलीजबाब' (कन्फेशन्स) या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात लिहितात, की गाण्यातल्या अर्थापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजाने मी जास्त हललो तर ते मला पापासारखं वाटतं. आणि लगेच हेही लिहितात, की श्रद्धेत नवा होतो तेव्हा याच गाण्यांनी मला रडवलं होतं. म्हणजे त्यांनाही एका दमात ठरवता आलं नाही.

जालन्याची_लेक:
पोरांना स्तुती-आराधनेची रात्र द्या ना! शनिवारी, हॉलमध्ये, ड्रमसकट. रिट्रीटमध्ये तेच असतं आणि तिथं कोणी तक्रार करत नाही. फक्त मिस्सेतलं प्रतिसाद स्तोत्र, ज्यात लोक मधूनमधून ठरलेली ओळ म्हणतात ते, त्या साच्यात कोंबू नका. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर नियमच आहे, वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून, आणि आल्लेलुया नाही. गेल्या उपवासकाळात एका ठिकाणी ख्रिस्तप्रसादाच्या वेळी कीबोर्डवर सिनेमाची चाल वाजत होती, शब्द तेवढे येशूचे. रांगेत उभ्या पोरी एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. हे तुमच्या हलगीसारखंच झालं सर, उलट्या बाजूने. सूर एकटा येत नाही, आधी जिथं होता तिथली माणसं घेऊन येतो.

गोदाकाठ:
बरोबर बोललीस पोरी.

नुसताच_वाचक:
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, नरसीकडचा. आमच्याकडं पण हेच चालू आहे. दिंडीत डीजे का नको यावरून गेल्या वर्षी हाणामारी व्हायची बाकी होती. एक विचारू का? ओवीत स्तोत्र म्हणणार तर ओव्या कोण लिहिणार? चाल सापडेल हो, चांगले शब्द सापडत नाहीत.

वसईचा_पाहुणा:
हा खरा प्रश्न. आणि मिस्सेसाठी लिहिलं तरी मन मानेल तसं चालत नाही, मजकुराला मान्यता लागते. स्तोत्राचा मंजूर अनुवाद आहे तोच घ्या, अक्षरं मोजत बसू नका. ताई म्हणाल्या तसं ओवीची चाल कमीजास्त अक्षरं पोटात घेते. प्रवेशगीताला आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जरा मोकळीक असते, तिथं नव्या ओव्या करून फादरांना दाखवा.

पेटीवाला_वैजापूर:
काल पुन्हा बैठक झाली. सरांचं लिखाण फादरांना वाचून दाखवलं, नाव न घेता. फादर बराच वेळ गप्प होते. मग स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले आणि आजोबांना म्हणाले, "मला सांगा." पुढचं सगळं इथं लिहिण्यासारखं नाही, पण दोन तास कोणी उठून गेलं नाही.

आत्तापर्यंत ठरलं ते असं. मिस्सेत हलगी-संबळ नाही. चर्चबाहेरच्या मिरवणुकीत पोरांना हलगी न्यायची असेल तर त्यांनीच आजोबांना विचारायचं. लॅटिनप्रेमींनी मला निरोपात सांगितलं, की १९०३च्या त्या कडक फर्मानातही बिशपांच्या परवानगीने बाहेरच्या मिरवणुकीला बँड चालत होता. ते सांगितल्यावर पोरं खूश. एक आजोबा म्हणाले, "शेकायची कशी ते तरी येतं का यांना?" याला मी होकार समजतोय. प्रतिसाद स्तोत्र ओवीच्या चालीत, पेटी फक्त सूर धरून. अर्पणगीत आणि शेवटचं गीत पोरांचं, कीबोर्डवर. ऑक्टोपॅडवर अजून भांडण चालूच आहे, ते काही मिटायचं दिसत नाही.

गिटार_गंगापूर:
ऑक्टोपॅड हळू ठेवला तर?

भाकरी_ठेचा:
ऑक्टोपॅड आणि हळू? कोणत्या गावात बघितलं?

पेटीवाला_वैजापूर:
जालन्याच्या ताई, ओवी काळी चारमध्ये धरलीय, पण आमच्या बायका दुसऱ्या चरणाला वर जाताना कण्हतात. खाली पांढरी दोनला आणली तर बाप्यांचा आवाज तळाला बसतो. काय करू?

जालन्याची_लेक:
बाप्यांना गप्प बसवा. ओवी बायकांचीच आहे. पांढरी दोन ठेवा, आणि लोकांच्या प्रतिसादाची ओळ येईल तेव्हा पुरुषांना घ्या. चाल व्हॉट्सॅपवर रेकॉर्ड करून पाठवते, आज रात्री. तबला सोबत वाजवू नका म्हणजे झालं.